'घशात'मध्ये 'श' कुठून आला? भाषाशास्त्राची ओळख आणि चर्चा

अनुस्वार (धागाकर्ती)

घसा, ससा, मासा, पैसा, आरसा. या शब्दांना 'ला' किंवा 'त' लावून मोठ्याने म्हणून बघा. घशात, सशाला, माशाला, पैशाला, आरशात. 'स' गेला कुठे आणि 'श' आला कुठून? शुद्धलेखनाच्या नियमांत हा नियम आहे, पण तो वाचण्याच्या कितीतरी वर्षं आधी, अक्षरओळखही नव्हती तेव्हा, आपण सगळेच 'घशात दुखतंय' म्हणत होतो. तेव्हा हे आपल्याला शिकवलं कुणी?

उत्तर शेजारच्या शब्दांत आहे. घोडा-घोड्याला, वाडा-वाड्यात, रस्ता-रस्त्यावर. आकारान्त पुल्लिंगी नामाला प्रत्यय लागायच्या आधी मध्ये एक 'य' येतो. घशातही तो येतो, फक्त दिसत नाही. 'स' म्हणताना जिभेचं टोक दातांच्या मागे असतं, 'य' म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूकडे उचललेला असतो. दोन्ही पाठोपाठ म्हणायला गेलं की जीभ अधलीमधली जागा धरते, आणि त्या जागेवरचा ध्वनी म्हणजे 'श'. म्हणजे 'य' हरवला नाही, 'श'च्या पोटात गेला.

आता 'चमचा' म्हणा आणि लगेच 'चमचे' म्हणा. 'चमचा'तला दुसरा 'च' दातांजवळचा आहे, 'चाक'मधल्यासारखा. 'चमचे'त तोच 'च' टाळूवर सरकतो, 'चिमणी'तल्यासारखा होतो. 'माझा' आणि 'माझी'त 'झ'चं हेच होतं. 'दरवाजा' आणि 'दरवाजाला' यांतले 'ज'सुद्धा कान देऊन ऐका. लिहिताना सारखे, बोलताना वेगळे. 'दरवाज्याला' लिहू नका, असा नियम आहे, त्याचं कारणही इथेच सापडतं: 'य' आधीच 'ज'च्या उच्चारात विरघळलाय, तो परत लिहायचं कारण उरत नाही.

हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ एकटीच बसून शब्द पुटपुटत होते. जन्मापासून जी भाषा बोलतेय तिच्यात इतकी बारीक घडी आहे, ती माझ्या तोंडाला पाठ आहे आणि मला मात्र तिचा पत्ता नाही! भाषाशास्त्र म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी व्याख्या सांगत नाही, 'घशात' सांगते. आपल्याला जे येतं पण माहीत नसतं, ते माहीत करून घेण्याचं हे शास्त्र आहे.

'भाषाशास्त्र शिकतेस, मग तुला किती भाषा येतात?' हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. अनेक भाषा येणं ही सुंदर गोष्ट आहे, पण ती निराळी. एकच भाषा बोलणारा माणूस उत्तम भाषाशास्त्रज्ञ होऊ शकतो. पोटाचे विकार जाणणाऱ्या डॉक्टरला स्वतःला शंभर पोटं लागत नाहीत.

ध्वनींचं झालं. आता वाक्यात शिरा. 'ती पुस्तक वाचते', 'तो पुस्तक वाचतो'. क्रियापद कर्त्याकडे बघतं. तेच भूतकाळात घाला: 'तिने पुस्तक वाचलं', 'त्याने कादंबरी वाचली', 'तिने पत्रं वाचली'. क्रियापदाने कर्त्याकडे पाठ फिरवली आणि ते कर्माकडे बघायला लागलं. त्यात आणखी एक मजा. 'त्याने वाचलं' म्हणतो, पण 'मी वाचलं'. 'मी'ला 'ने' का लागत नाही? कर्त्याला अशी वेगळी खूण लावायची पद्धत बास्क भाषेत आहे, जॉर्जियनमध्येही ती काही काळांपुरती येते. या भाषांचं मराठीशी काही नातं नाही. नातं नसलेल्या भाषा एकाच वळणावर येऊन का भेटतात, हा या शास्त्रातला माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे.

आणि क्रियापदांच्या जोड्या! लिहून टाक, लिहून ठेव, लिहून काढ, लिहून घे, लिहून दे, लिहून बघ. यात काही टाकायचं नाही, कुठून काही काढायचं नाही, बघायचंही नाही. 'टाक'मध्ये 'एकदाचं संपव' आहे, 'ठेव'मध्ये 'पुढे लागेल', 'दे'मध्ये 'दुसऱ्यासाठी', 'बघ'मध्ये 'जमतंय का'. मराठी शिकणाऱ्या परभाषिकाला हे समजावून सांगताना आपली त्रेधा उडते आणि घरात मात्र पाच वर्षांचं पोर अचूक वापरतं.

लोक हे का शिकतात, त्यांना काय मिळतं, आणि तुमच्या भाषेत तुम्हाला असं काय दिसलंय, यावर बोलू या. प्रश्न कितीही साधा असो, विचारा.

वेलांटी

धागा वाचून उठले आणि भाचीवर प्रयोग केला. ती सात वर्षांची आहे. कागदावर एक प्राणी काढला, तीन कान, लांबलचक शेपूट. म्हटलं, 'हा आहे एक लुसा. असे पुष्कळ लुसे असतात. आता सांग, ही लांब शेपूट कोणाची?' पटकन म्हणाली, 'लुशाची!' मी म्हटलं, 'लुसाची नाही?' तर माझ्याकडे बघून हसायलाच लागली. हा शब्द तिने जन्मात ऐकलेला नाही, कारण तो मी पाच मिनिटांपूर्वी तयार केला होता. अंगावर काटा आला अक्षरशः.

धाकटा अडीच वर्षांचा आहे. तो 'मी करलं' म्हणतो. आधी नीट 'केलं' म्हणायचा, आता बिघडलाय. हे का?

अनुस्वार

वेलांटी, तुम्ही १९५८ सालचा एक गाजलेला प्रयोग घरी केलात! जीन बर्को या संशोधिकेने मुलांना पक्ष्यासारखं एक चित्र दाखवलं आणि सांगितलं, 'हा वग.' मग तसे दोन दाखवून विचारलं, आता काय आहेत? मुलांनी बरोबर इंग्रजी अनेकवचन करून दाखवलं. 'वग' हा शब्द कुठेच नव्हता, म्हणजे मुलं ऐकलेलं घोकत नव्हती, त्यांच्याकडे नियम होता.

धाकट्याचं बिघडलेलं नाही, ही प्रगती आहे. आधी त्याने 'केलं' हा सुटा शब्द जसाच्या तसा उचलला होता. मग त्याला धर-धरलं, भर-भरलं, सर-सरलं यांतली वीण सापडली आणि ती त्याने 'कर'लाही लावून पाहिली. 'करलं' त्याने कुणाकडून ऐकलं असेल असं नाही, ते त्याने घडवलंय. काही दिवसांनी 'केलं' परत येईल, पण तेव्हा ते अपवाद म्हणून येईल, नियम कळल्यानंतर. त्याला रागावू नका. शक्य असेल तर अशी वाक्यं तारखेसह वहीत टिपून ठेवा, ती पुन्हा ऐकायला मिळत नाहीत.

याहून लहान बाळांचं तर विलक्षण आहे. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. त्यांच्या आईवडिलांना हा फरक कळणं कठीण, इंग्रजीत तो लागतच नाही. पण सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना कळत होता! आणि दहा ते बारा महिन्यांपर्यंत तो बहुतेकांच्या कानातून गेला होता. म्हणजे भाषा शिकणं हे काही अंशी सोडून देणंही आहे. आपलंही तेच झालंय. इंग्रजीतले दोन वेगळे 'व' आपल्याला ऐकून वेगळे काढायला त्रास होतो, कारण आपल्याला एकच पुरतो.

कोरीपाटी

लेख आवडला, पण एक गोष्ट खटकतेय ती स्पष्ट लिहितो. जे लोक बोलतात ते सगळं बरोबर, असं भाषाशास्त्र म्हणतं असं ऐकलंय. मी पंधरा वर्षं मुद्रितशोधन करतो. रोज 'आणी', 'पाणि', 'तीने', 'मि' दुरुस्त करतो. मग माझं काम चुकीचं समजायचं का? प्रमाणभाषा नसेल तर एका टोकाच्या माणसाने लिहिलेलं दुसऱ्या टोकाच्या माणसाला कळणार कसं?

अनुस्वार

कोरीपाटी, तुमचं काम अजिबात चुकीचं नाही. लेखनाचे नियम हा एकमेकांशी केलेला करार आहे आणि तो पाळला जातोय हे बघणारं कुणीतरी लागतं. साहित्य महामंडळाने १९६२ साली १४ नियम केले, १९७२ साली त्यांत ४ घातले. करार होता म्हणून तो बदलता आला. पण 'स'चा 'श' हा करार कुणी केला नाही आणि कुठलीही समिती तो मोडू शकत नाही. उद्या फर्मान निघालं की 'घसात' म्हणा, तर शंभर वर्षांत तरी जीभ ऐकेल का? भाषाशास्त्र या दुसऱ्या प्रकारच्या नियमांच्या मागे आहे.

एक उदाहरण फार बोलकं आहे. पाणिनीला आपण नियम घालून देणारा समजतो. त्याची सुमारे चार हजार सूत्रं वाचताना जाणवतं की तो आधी ऐकणारा होता. पूर्वेकडच्या लोकांत असं रूप आहे, उत्तरेकडच्यांत असं, हेही तो नोंदवतो, आणि कित्येक ठिकाणी दोन्ही रूपं चालतात असं सांगतो. इतक्या कमी शब्दांत भाषेची एवढी यंत्रणा मांडणारं काम जगात त्याआधी झालेलं आपल्याला माहीत नाही.

'चूक' या शब्दाचे दोन अर्थ आहेत एवढंच मला म्हणायचंय. 'पाणि' लिहिणं ही कराराच्या दृष्टीने चूक. 'घर मी जातो ला' ही मराठीच नव्हे. पहिली तुम्ही रोज दुरुस्त करता. दुसरी करायची वेळ तुमच्यावर पंधरा वर्षांत एकदाही आली नसेल.

कोरीपाटी

नाही आली. हे वेगळं करून कुणी दाखवलं नव्हतं. पटलं.

रानवारा

पहिल्यांदाच लिहितोय. वर 'चूक' शब्द आला म्हणून.

आमच्या घरी वऱ्हाडी बोलतात. डोळा म्हणजे 'डोया', काळा म्हणजे 'काया', केळी म्हणजे 'केयी'. पाचवीत शाळा बदलली. पहिल्याच आठवड्यात बाईंनी उभं करून धडा वाचायला लावला. पुस्तकात 'डोळे' होतं, मी 'डोये' वाचलं. बाईंनी ते मला पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा, पुन्हा, आणि वर्ग हसत राहिला. त्या दिवसापासून दहावीपर्यंत वर्गात मी आपण होऊन तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर आजी बोलायची तेव्हा मला तिची लाज वाटायची, हे लिहिताना आजही वाईट वाटतं. ती गेली आता.

मला एवढंच विचारायचंय, आमचं ते बोलणं म्हणजे नक्की काय असतं?

जुनी वही

रानवारा, मी भाषाशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. नीट उत्तर देते.

तुम्ही तीन शब्द लिहिलेत आणि तिन्हींत 'ळ'च्या जागी 'य' आहे. ही योगायोगाची गोष्ट नाही. तुमच्या आजी 'डोया' म्हणायच्या आणि 'काळा' मात्र 'काळा'च म्हणायच्या, असं नव्हतं ना? याला नियमित ध्वनिबदल म्हणतात आणि आमच्या शास्त्राचा पाया त्याच्यावर उभा आहे. १८२२ साली याकोब ग्रिमने असाच एक बदल मांडला. संस्कृतात 'प' आहे तिथे इंग्रजीच्या घराण्यात 'फ' सापडतो: पितृ-फादर, पाद-फूट. 'द' आहे तिथे 'ट': दन्त-टूथ, दश-टेन. या नियमाने युरोपातल्या विद्वानांचं भाषांकडे बघणंच बदललं. तुमच्या आजींच्या तोंडी होता तो त्याच जातीचा नियम आहे.

आणि 'ल'च्या जातीचा ध्वनी 'य'कडे जाणं जगभर सापडतं. लॅटिनमधला 'फिलिया', म्हणजे मुलगी, फ्रेंचमध्ये 'फीय' झाला. स्पॅनिशमध्ये रस्त्याला 'काये' म्हणतात, लिहिताना अजून त्यात दोन 'ल' असतात. पॅरिसच्या माणसाला या 'य'साठी कुणी वर्गात उभं करत नाही.

कुठली बोली प्रमाण ठरते याचं कारण सत्ता, छापखाने, शाळा यांच्या इतिहासात असतं. त्या बोलीच्या ध्वनींत किंवा व्याकरणात ते शोधून कुणालाच सापडलेलं नाही. मी वर्गात पहिल्या तासाला मुलांना त्यांच्या घरची बोली बोलायला सांगायचे, आणि पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. दरवर्षी. त्या पाच मिनिटांसाठी मी हा विषय शिकवत राहिले असं म्हटलं तरी चालेल.

तुम्हाला आजींचं जे बोलणं आठवतंय ते लिहून काढा. शब्द नकोत, अख्खी वाक्यं लिहा.

रानवारा

आभार, बाई. तुम्हाला बाई म्हणतोय ते मुद्दाम.

दुर्बीण

माझा प्रश्न इतिहासाचा आहे. संस्कृत ही सगळ्या भाषांची जननी हे लहानपणापासून ऐकतोय. वर ग्रिमचा नियम वाचून तर ते आणखी पटतंय, पितृ आणि फादर एकच. बरोबर ना?

जुनी वही

बहीण म्हणा, आई नको. १७८६ साली विल्यम जोन्सने कलकत्त्यात भाषण केलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाने येणं अशक्य आहे आणि त्या तिन्ही अशा एका मूळ भाषेतून आल्या असाव्यात जी बहुधा आता अस्तित्वात नाही, असा त्यातला मुद्दा होता. तमिळ, तेलुगू, कानडी हे निराळंच कुटुंब. मराठी महाराष्ट्री प्राकृतातून आली, पण शेजाऱ्यांशी तिची देवघेव आहे. बोलणाऱ्यासह ऐकणारा धरून 'आपण' आणि त्याला वगळून 'आम्ही' हा मराठीतला भेद तमिळ-तेलुगूत आहे, प्रमाण हिंदीत नाही.

त्या मूळ भाषेची एक ओळही लिहिलेली सापडलेली नाही. मग ती होती कशावरून? यासाठी मला एक गोष्ट सांगावीच लागेल. फेर्दिनां द सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाचं नाव लोकांना १९१६च्या पुस्तकामुळे माहीत असतं, ते त्याच्या मृत्यूनंतर सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून तयार केलं. पण मी सांगतेय ते त्याच्या एकविसाव्या वर्षाचं. मूळ भाषेतले स्वर काही ठिकाणी विनाकारण बदलताना दिसत होते. सोस्यूरने मांडलं की त्या जागी दोन हरवलेले ध्वनी मानले, तर सगळं नियमात बसतं. हे ध्वनी कुठल्याही माहीत असलेल्या भाषेत शिल्लक नव्हते. फक्त हिशेब तसं सांगत होता. त्याचा प्रबंध १८७९चा. फार थोड्यांनी ते मनावर घेतलं.

पुढे तुर्कस्तानात मातीच्या विटांवरचं लेखन सापडलं. १९१५ साली ह्रोझ्नी या अभ्यासकाने दाखवलं की ती हित्ती भाषा याच कुटुंबातली आहे. आणि १९२७ साली कुरिलोविच या भाषाशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की सोस्यूरने जिथे हरवलेला ध्वनी मानला होता, नेमक्या त्यातल्या काही जागी हित्तीत 'ह'सारखा एक ध्वनी लिहिलेला आहे. सोस्यूर जाऊन तेव्हा १४ वर्षं झाली होती. नेपच्यून ग्रह आधी गणिताने सापडला आणि मग दुर्बिणीत दिसला, तसं हे. तुमचं नावच दुर्बीण आहे, म्हणून सांगितलं.

दुर्बीण

हे मी आज रात्री तीनदा वाचलं. भाषेच्या अभ्यासात भाकीत करता येतं आणि ते खरं ठरतं, याची मला कल्पनाच नव्हती.

सायंतारा

'का शिकतात' यावर माझ्याकडून. बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळं समजायचं त्यांना, डोळ्यांत दिसायचं. पण बोलायचे ते असं: 'खिडकी... वारा... बंद.' 'खिडकीतून वारा येतोय, बंद कर' यातले सगळे प्रत्यय गळालेले. घरातल्या काहींना वाटलं, बाबांची बुद्धी गेली. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायला लागले लोक.

वाणी-उपचार करणाऱ्या ताई आल्या. त्यांनी आम्हाला समजावलं की शब्द आहेत, अर्थ आहे, वाक्याची शिवण उसवलीय. त्या बाबांना चित्रं दाखवून विचारायच्या आणि 'ने', 'ला', 'त' यांची नोंद वहीत करायच्या. आठव्या महिन्यात बाबा म्हणाले, 'तिला दे.' आम्ही रडलो. ताईंनी 'तिला'मधल्या 'ला'खाली दोन रेघा ओढल्या.

नंतर मी वाचलं की १८६१ साली ब्रोका नावाच्या डॉक्टरने अशाच एका रुग्णाचा अभ्यास केला होता. तो 'टॅन' एवढंच म्हणू शकायचा, आणि मेंदूच्या डाव्या बाजूचा एक भाग त्याचा बिघडला होता. 'ला' हा प्रत्यय मेंदूत कुठेतरी राहतो, तो हरवू शकतो आणि परत मिळवता येतो, हे कुणीतरी आधी अभ्यासलं होतं म्हणून माझे बाबा पुन्हा बोलले.

वेलांटी

सायंतारा, काय लिहू कळत नाही. बाबांना नमस्कार.

अंतरा

दोन प्रश्न. एक, मूकबधिरांची खुणांची भाषा ही खरी भाषा की हावभाव? दोन, एस्किमो लोकांकडे बर्फाला शंभर शब्द आहेत आणि म्हणून ते बर्फाबद्दल आपल्यापेक्षा वेगळा विचार करतात, हे खरं का? आपण विचार भाषेतच करतो का?

अनुस्वार

पहिल्याचं उत्तर निःसंशय: खरी भाषा, पूर्ण व्याकरण असलेली. १९६० साली विल्यम स्टोकी यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेबद्दल दाखवलं की तिच्यातल्या खुणा हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा लहान घटकांनी बनतात, जसे आपले शब्द ध्वनींनी बनतात. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, तरी त्यांच्या सांकेतिक भाषा एकमेकांना समजत नाहीत. अमेरिकन सांकेतिक भाषेचं जवळचं नातं आहे फ्रान्समधल्या सांकेतिक भाषेशी.

आणि निकाराग्वा! १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथे कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाली. त्याआधी ही मुलं आपापल्या घरी एकेकटी होती, प्रत्येकाच्या घरगुती खुणा वेगळ्या. शिक्षक त्यांना ओठ वाचायला शिकवत होते. मैदानात आणि गाडीत मात्र मुलांनी एकमेकांच्या खुणा जुळवल्या. पुढच्या वर्षांत आलेल्या लहानग्यांनी त्या उचलल्या आणि त्यांना व्याकरण दिलं. काही वर्षांत एक नवी भाषा उभी राहिली, आणि भाषा जन्माला येताना संशोधकांना समोर बघायला मिळाली.

बर्फाच्या शब्दांचा आकडा फुगवलेला आहे. फ्रान्झ बोआसने १९११ साली चार धातूंचं, म्हणजे मूळ शब्दांचं, उदाहरण दिलं होतं, पुढे सांगणाऱ्यागणिक ते वाढत गेले. त्या भाषांत एका धातूला प्रत्यय जोडत जाऊन लांबच लांब शब्द बनतात, त्यामुळे शब्द मोजणंच अवघड.

भाषा आणि विचार हा प्रश्न मात्र जिवंत आहे. ऑस्ट्रेलियातली गुगु यिमिधिर भाषा बोलणारे लोक वस्तूंच्या जागा सांगताना डावं-उजवं न म्हणता दिशा सांगतात. तुझ्या उत्तरेकडच्या पायाशी मुंगी आहे, अशा धर्तीवर. मग त्यांना सतत दिशेचं भान ठेवावं लागतं, आणि ते असतंही. म्हणजे भाषा विचार करण्यापासून अडवत नाही, पण बोलायचं तर कशाकडे लक्ष द्यावंच लागेल हे ती ठरवते. तुर्कीत 'तो आला' म्हणायचं तर 'गेल्दी' किंवा 'गेल्मिश'. स्वतः पाहिलं की ऐकीव, हे क्रियापदच सांगतं. आपल्याकडे ते ऐच्छिक आहे, पण आहे: 'तो आलाय' आणि 'तो आलाय म्हणे'. एक 'म्हणे' लावला की जबाबदारी दुसऱ्यावर.

अवांतर: 'कांगारू' हा शब्द याच गुगु यिमिधिरमधून १७७० साली कॅप्टन कुकच्या सागरी मोहिमेत टिपला गेला. त्याचा अर्थ 'मला माहीत नाही' असा होता, ही गोष्ट सर्रास सांगितली जाते. १९७०च्या दशकात जॉन हॅविलँड तिथे जाऊन ती भाषा शिकले, तेव्हा तिथे 'गंगुर्रु' हे एका जातीच्या कांगारूचंच नाव निघालं. जाऊन विचारायला दोनशे वर्षं लागली.

कोरीपाटी

शब्दांच्या अर्थाबद्दल माझ्याकडून एक भर. संस्कृतात 'शिक्षा' म्हणजे शिकवणं, हिंदीत अजून तेच, मराठीत दंड. 'राग' संस्कृतात रंग आणि ओढ, आपल्याकडे संताप. 'मृग' आधी कुठलंही रानातलं जनावर, मग फक्त हरीण. हे मला मुद्रितं तपासताना भेटलेले शब्द आहेत. यामागे नियम असतो का?

जुनी वही

अर्थाच्या बदलाला ध्वनीइतका कडक नियम नाही, पण वाटा ठरलेल्या आहेत. तुमचा 'मृग' घ्या. इंग्रजीत हरणाला 'डिअर' म्हणतात. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता कुठलंही जनावर, आणि जर्मनमध्ये त्याचं भावंड 'टीअर' अजूनही 'प्राणी' याच अर्थाने आहे. दोन भाषांनी हजारो कोसांवर, एकमेकींना न विचारता, सगळ्या प्राण्यांचं नाव हरणाला दिलं.

दुर्बीण

मला सुरुवात करायची आहे. कुठून करू? आधी काय वाचू?

अनुस्वार

वाचायच्या आधी ऐका. घरातल्यांची परवानगी घेऊन दहा मिनिटांचं साधं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा, आणि जसं ऐकू येतं अगदी तसं लिहून काढा. सुधारू नका. अडखळणं, 'अं', अर्धी वाक्यं, सगळं. दहा मिनिटांना तीन-चार तास लागतील. कुणीही पुस्तकातल्या वाक्यांत बोलत नाही, हे पहिल्या पानावरच दिसेल. मग त्यातली एकच गोष्ट धरा. 'बस की' आणि 'बस ना' यांत फरक काय, एवढंच धरलंत तरी महिना पुरेल.

रानवारा

आजीची अठरा वाक्यं आठवली आतापर्यंत. मोठ्या काकांना फोन केला, त्यांनी आणखी सात सांगितली. अर्धा तास आम्ही दोघं आजीसारखं बोलत होतो. आमच्यात एवढं बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

जुनी वहीबाई, पंचवीस वाक्यांत 'ळ' एकदाही नाही. मोजलं.

वेलांटी

लुशाचा पुढचा भाग. अनुस्वार, मला रात्री सुचलं की काका, मामा, दादा हे शब्दही 'आ'नेच संपतात, पण 'काक्याला' कुणी म्हणत नाही, 'काकाला'च म्हणतो. माणसांच्या नावांचंही तसंच. म्हणून आज भाचीला तेच चित्र दाखवलं, पण सांगितलं वेगळं: 'हा एक प्राणी आहे आणि याचं नाव आहे लुसा.' मग विचारलं, शेपूट कोणाची?

म्हणाली, 'लुसाची.'

मग चित्राकडे बघत राहिली थोडा वेळ, आणि मला विचारलं, 'मावशी, मग परवा मी लुशाची का म्हटलं होतं?'